काकांचा दांडा

"या खेपेला एकही गुठळी राहणार नाही, लिहून घ्या!" असं सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून गुठळीशेठ मोकळा झाला.

प्रयोगशाळेत त्याला हे नाव उगाच पडलं नव्हतं. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या, दिसायला नुसती काजळी, चिकट रेझिनमध्ये सारख्या पसरवायच्या, एवढंच त्याचं काम. पण त्या नळ्या एकमेकींना जी मिठी मारत, ती काही केल्या सुटत नसे! आजवरचे तिन्ही नमुने गुठळीपाशीच तुटले होते. चौथा आज चार वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना दाखवायचा होता. तोही बिघडला तर घरी बसायचं, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून त्याने शेजारच्या खोलीत यंत्रं सांभाळणाऱ्या काकांच्या हातापाया पडून ध्वनिलहरींचं यंत्र आणलं. त्याचा धातूचा दांडा मिश्रणात बुडवला की गुठळ्या फुटतात. काका तो दांडा सख्ख्या जावयालाही देत नसत.

"ओरखडा जरी दिसला ना, तर तुझी खैर नाही!"

साडेतीन वाजले. रेझिन घट्ट करणारं औषध सगळ्यात शेवटी घालायचं, ते त्याने घाईघाईत आधीच ओतलं आणि यंत्र लावलं. मिश्रण तापलं, तापलं तसं भराभर आळायला लागलं आणि धूर निघाला! घाबरून त्याने यंत्र बंद केलं, दांडा ओढला. दांड्याबरोबर भांडंही वर आलं.

"अरे देवा! सूट ना रे!"

"झालं का रे?" दारात काका!

त्याने अंगातला कोट काढून यंत्रावर टाकला. "झा... झालंच, काका!"

"मग धूर कसला?"

तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी कोटच उचलला. काका मटकन खाली बसले. बाईंनी भांड्यातल्या आळलेल्या मिश्रणाचा कडेचा एक कपचा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आता बायकोला काय तोंड दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

"एकही गुठळी नाही!" बाई ओरडल्या. "इतक्या झटपट आळलं, की नळ्यांना पुन्हा गोळा व्हायला वेळच मिळाला नाही. शाब्बास! नोकरी पक्की. उद्या अस्सेच सहा नमुने कर."

त्याला रडूच फुटलं. मग त्याचं लक्ष काकांकडे गेलं. ते भांडं मांडीवर घेऊन दांडा गोल गोल फिरवू बघत होते.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "असे अजून किती आहेत तुमच्याकडे?"