नरसय्याचा उजवा हात

साखर पेठेतला माझा शेजारी नरसय्या कुठलंही काम सुरू करण्यापूर्वी शड्डू ठोकत असे. थंड पाण्याचा तांब्या अंगावर घेण्यापूर्वी एक, जिना चढण्यापूर्वी एक. न्हाव्यापुढे बसून ठोकला तेव्हा न्हावी दचकला आणि अर्धी मिशी गेली. शड्डू डाव्या हाताचा असे, कारण उजवा हात कोपरात वाकलेला होता आणि सरळ होत नव्हता.

आदल्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत कुस्त्या बघायला तो लिंबावर चढला होता. बार्शीहून आमच्या पेठेच्या तालमीत आलेल्या दगडू पैलवानानं डाव टाकला, ढाक. नरसय्यानं ती शेजारच्या फांदीवरल्या माणसाला करून दाखवली. ढाकेला दोन्ही हात लागतात. दगडूचा जोडीदार मातीत आणि नरसय्या झाडाखाली, असे दोघं एकदमच चीत झाले. तालमीचे हमीद वस्ताद हाडं बसवत. त्यांनी हात बांधला. हाड जुळलं, कोपर आखडलं.

हातमागावर उजव्या हातानं दोरीला झटका दिला की धोटा सुतातून आरपार पळतो. तो झटका नरसय्याच्या हातात उरला नाही. पेठेत पुरुष विणत आणि बायका रहाटावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत. आता त्याची बायको राजव्वा मागावर बसली आणि कांड्या रात्री जागून भरू लागली. नरसय्यानं गल्लीला सांगून टाकलं की पुढच्या गड्ड्यातल्या कुस्त्यांच्या दुसऱ्या दिवशी मागावर तो बसणार.

वस्तादांनी तेल चोळून रोज विटेचं वजन उचलायला सांगितलं होतं. ते तो करीच. पण खरं औषध दगडूला बघण्यात आहे, असं त्याचं मत होतं. रोज सकाळी तो तालमीच्या ओट्यावर बसून दगडूच्या बैठका मोजत असे आणि स्वतः घामाघूम होऊन घरी येत असे. कुणी कसलीही तक्रार केली की त्याचं एकच उत्तर, "दगडू दमला काय? मग?" तापानं फणफणलेल्या मलाही त्यानं हेच विचारलं.

राजव्वा मागावरून म्हणाली, "बघून अंगात बळ येत असतं, तर मी रोज हलवायाच्या दुकानापुढं उभी राहिले असते की."

गड्डा आला. जेऊरच्या एका कोवळ्या पोरानं दगडूला घामही येऊ न देता चीत केलं. नरसय्या या वेळी जमिनीवर होता.

मी तेव्हा एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्तीचा तपशील विचारायला तालमीत गेलो. नरसय्या ओट्यावर होता. दगडू येणार नाही, असं सगळे धरून होते. तो सगळ्यांच्या आधी आला होता आणि फावड्यानं आखाड्याच्या हौद्यातली माती उकरत होता. हे काम नवशिक्यांचं. वस्तादांनी त्याला फावडं ठेवायला सांगितलं.

"माती दडपलीय वस्ताद," दगडू म्हणाला. "पोरांना लागंल." आणि उकरत राहिला.

नरसय्या घरी येऊन मागावर बसला. त्यानं दोरी ओढली. धोटा निम्म्यात अडकला. तो काढून त्यानं पुन्हा ओढली. राजव्वा दाराशी उभी होती. दुपारपर्यंत त्यानं धोटा किती वेळा काढला, ते मी मोजलं नाही. एकदाही तो दुसऱ्या टोकाला पोचला नाही.

मग तो उठला. "बस," असं तिला म्हणाला आणि ओसरीत रहाटापुढे बसला. रहाट फिरवायला कोपर सरळ लागत नाही.

जाणारे-येणारे थांबले. समोरच्या मल्लेशमनं विचारलं, "काय नरसय्या, बायकांच्या पंगतीला?"

"कांडी नसली तर माग थांबतो," नरसय्या म्हणाला. "तुझा थांबलाय. जा."

पहिली कांडी भरून त्यानं आत नेऊन दिली. राजव्वानं ती धोट्यात घातली, चार धागे विणले आणि मान न वळवता कांडी परत त्याच्यापुढे धरली.

"सैल झाली."

नरसय्यानं ती घेतली, सगळं सूत उलगडलं आणि पुन्हा भरायला बसला.