मखमल आणि नागमोडी फाटक

भाचा शिंपी होता. गळ्यात टेप घालून तो मखमल नावाच्या घोडीभोवती फिरत होता आणि आत्या अंगणात उभ्या राहून वनखात्याच्या नावानं बोटं मोडत होत्या. आत्यांची सगळी नोकरी शाळेत खेळ शिकवण्यात गेलेली, त्यामुळे त्यांचा साधा आवाजही मैदानाच्या पलीकडे पोचायचा. राग आला की तो पुढच्या गल्लीतही पोचायचा, आणि हल्ली पुढच्या गल्लीला झोप नव्हती.

रागाला कारण होतं. मखमल म्हातारी झाली होती, पुढच्या पायांचे सांधे धरले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की डांबरी रस्त्यावर चालवलीत तर पाय कायमचे जातील. रोज मऊ मातीवर चालवा, नाहीतर मोठं रान असलेल्या कुणाला तरी देऊन टाका. देऊन टाका म्हटल्यावर आत्यांनी डॉक्टरांशी दोन दिवस अबोला धरला होता.

मऊ माती जवळपास एकाच ठिकाणी होती, सार्वजनिक जंगलात. आणि तिथंच वनाधिकारी साहेबांनी मोटारसायकली अडवायला लोखंडी नळ्यांचं नागमोडी फाटक ठोकलं होतं. चालणारे त्यातून जात, सायकलवाले जात, कुत्री तर मालकांना ओढत नेत. मोटारसायकलवालेही पुढचं चाक उचलून निवांत जात. अडली ती फक्त घोडी. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं, असं आत्यांनी वर्षानुवर्षं पोरांना बजावलं होतं. साहेबांनी त्या सगळ्यांतून एक जनावर आणि एक म्हातारी वजा केली, आणि तीही वैरानं नव्हे, आठवण न राहिल्यामुळे. आत्यांचं डोकं याच गोष्टीनं जास्त फिरायचं. वैर असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या कचेरीत जाऊन आल्या होत्या. घोड्यांसाठी वाट आजवर कुणी मागितलेली नाही, असं साहेब म्हणाले. मी मागतेय ना, असं आत्या म्हणाल्या. त्यावर साहेबांनी एकट्या माणसाची मागणी धरता येत नाही असं सांगून चहा मागवला, एकच.

"बसतेय," भाचा टेप गुंडाळत म्हणाला. "फाटकाच्या रुंदीत पोट आरामात जातं. वर थोडी ढिलाईपण धरलीय मी."

भाच्याचं माप कधी चुकत नसे. पण त्यानं जन्मभर दोन पायांची गिऱ्हाइकं मापली होती. घेर पाहिला, रुंदी पाहिली. गिऱ्हाईक कंबरेत वळतं, हे त्यानं धरूनच चाललं होतं. घोडी कंबरेत वळत नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाच्या मधोमध कळलं.

मान आणि पुढचे पाय जंगलात, मागचे पाय रस्त्यावर आणि पोट दोन्ही वळणांच्या मध्ये, अशी मखमल उभी राहिली. आत्यांनी पुढून लगाम धरला, भाच्यानं मागून जोर लावला. जोर केला की मखमल पाय रोवून उभी राहायची. हा त्या घराचाच गुण होता. भाचा टेपकडे असा बघत होता की जणू तिनंच दगा दिला.

पहारेकरी धावत आला आणि त्यानं अग्निशमन दलाला फोन लावला. घोडीचा मागचा भाग रस्त्यावर आहे म्हटल्यावर त्यांनी नगरपालिकेकडं बोट दाखवलं. नगरपालिकेनं तोंड कुठं आहे ते विचारलं, आणि ते जंगलात आहे म्हटल्यावर प्रकरण वनखात्याचं ठरवून फोन ठेवून दिला. तोवर आतून परतणाऱ्यांची गर्दी साचली. दोन्ही बाजूंना काटेरी तार होती आणि दुसरी वाट डोंगराच्या पलीकडून होती. गर्दीतून एक पांढरे बूट पुढं आले. सकाळचं फिरणं आटोपून निघालेले खुद्द साहेब होते. कचेरीत वरिष्ठ तपासणीला यायचे होते.

"बाई, घोडी आत आणायला मनाई आहे," साहेब कडाडले.

"आत नाहीये ती."

"मग बाहेर काढा."

"बाहेरपण नाहीये." आत्यांचा आवाज चढला. "तुमच्या फाटकात आहे. आता तुम्हीच सांगा कुठं धरायची ते. इतके दिवस मी बाहेर उभी होते तेव्हा तुम्हाला दिसलेच नाही. आज तुम्ही आत अडकलात, तर लगेच दिसले."

कुणीतरी साहेबांना पोटाखालून सरपटत जायचं सुचवलं. साहेब खाली वाकले. मखमलनं एक पाय आपटला. साहेब सरळ झाले, आणि त्यांनी स्वतःच वेल्डरला बोलावलं.

वेल्डरनं नट सोडवून नळ्या काढल्या. साहेब मखमलला मागं घ्या म्हणून ओरडत होते, पण मखमल पुढं निघाली. ती पाचोळ्यावर आली, पाऊल दाबून टाकलं, मग दुसरं, आणि कित्येक दिवसांनी लंगडली नाही. आत्यांना ओरडायचं बरंच बाकी होतं, पण लगाम धरून त्या तिच्याबरोबर चालत गेल्या आणि ते राहूनच गेलं.

साहेब कचेरीत उशिरा पोचले. वरिष्ठांनी जाब विचारला तेव्हा ते घाबरून म्हणाले, "घोडेस्वारांच्या वाटेची पाहणी करत होतो." वरिष्ठांना ही कल्पना भलतीच आवडली. महिन्याभरात घोड्यांसाठी रुंद फाटक उभं राहिलं आणि त्याच्या उद्घाटनाला आत्यांना पहिल्या रांगेत बसवण्यात आलं.

साहेब भाषणात म्हणाले की घोड्यांच्या हक्काचा विषय पहिल्यापासून त्यांच्या मनात होता. आत्यांच्या कानशिलांवरच्या शिरा ताठ झाल्या. बाजूला मखमल डांबरी रस्त्यावर उभी होती. फाटक अजून उघडलं नव्हतं. आत्यांनी तिच्या पायांकडं पाहिलं, दात आवळले आणि टाळ्या वाजवल्या.

वरिष्ठांनी प्रेमानं विचारलं, "या कामात आजींचीही काही मदत झाली का?"

"त्या?" साहेब हसले. "त्या तिथं नुसत्या उभ्या होत्या."

"हो," आत्या म्हणाल्या. "घोडीपण नुसतीच उभी होती."