शिंकेनं लागलेली नोकरी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं. सुतार पक्ष्याच्या पोरानं खोड टोचायचं. सुगरणीच्या पोरीनं खोपा विणायचा. वाळवीकडे तर पुढच्या सात पिढ्यांची वारुळं आखून तयार होती.

ठरलेलं नव्हतं ते फक्त रुईचं.

रुई म्हणजे एक सशीण. चांगली शिकलेली. वडाखालच्या कॉलेजात तिनं तीन वर्षं गवतशास्त्र केलं होतं. पण पान हललं तरी दचकायची. स्वतःची सावली पुढे आली तरी दचकायची. आणि जेवताना आई रोज विचारायची, "मग? पुढचं काय ठरवलंयस?" तेव्हा सगळ्यात जास्त दचकायची.

"ठरवते ना, आई."

"कधी? त्या मुंगसीणबाईंच्या मुलीकडे बघ. तिचं दुसरीत असताना ठरलं होतं!"

एकदा रुई गवताची पेंडी घेऊन घरी चालली होती. इतक्यात मागून आवाज आला, "फेंच्छी!" साळींदरकाका शिंकले असणार. पण रुई बघायला थांबली नाही. तिनं पेंडी टाकली, डोळे मिटले आणि पळत सुटली. थांबली तेव्हा समोर एक भलीमोठी काळी पाठ होती. तिच्याआड लपावं म्हणून ती तिथेच उभी राहिली.

ती पाठ अस्वलरावांची. त्या पाठीपुढे आणखी पाठी. मुलांनो, ती एक ओळ होती. आणि ओळीचा स्वभाव असा, की तुम्ही नुसते उभे राहिलात तरी ती तुम्हाला पुढे नेते.

"कितवा प्रयत्न?" अस्वलरावांनी विचारलं. "माझा चौथा. पाणवठा निरीक्षक व्हायचं, हे मी एवढासा होतो तेव्हाच ठरवलंय. क्लासही लावलाय."

रुई थरथरत होती, त्यामुळे मान आपोआप 'हो हो' हलत होती.

टेबलामागे कोल्हेसाहेब बसले होते. त्यांनी अस्वलरावांना विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"आपल्या खुर्चीत, साहेब!" क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं.

कोल्हेसाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "पुढचा."

पुढची रुई. तिलाही तोच प्रश्न.

"बि... बिळात," रुई म्हणाली.

कोल्हेसाहेबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या खुर्चीकडे बघत नव्हतं.

"उद्यापासून या."

काम सोपं होतं. पाणवठ्याजवळच्या दगडावर बसायचं आणि मगर दिसली की सगळ्यांना सांगायचं. रुईला सांगावंही लागायचं नाही. पाण्यावर जरा तरंग उठला की ती तीन फूट उडायची आणि ती उडाली की पाणी पिणारे पळायचे. दहातल्या आठ वेळा तो बेडूक असायचा. पण दोनदा मगर असायची, आणि लोकांच्या लक्षात मगरच राहते. वर्षभरात कुणाचं शेपूटसुद्धा गेलं नाही.

मग रुईसाठी नवं पद निघालं. मुख्य दचक अधिकारी. हाताखाली दोन कासवं मिळाली. ती सोमवारचं मंगळवारी दचकायची.

रुईला मात्र एकच धास्ती. आपण अर्जसुद्धा केला नव्हता, नुसतं लपलो होतो, हे कधीतरी उघडकीला येणार. साहेबांनी बोलावलं की तिला वाटायचं, संपलं. आईनं डब्यात एक गाजर जास्त घातलं तरी वाटायचं, हिला कळलंय, शेवटचा डबा म्हणून देतेय.

आणि एके दिवशी फलक लागला. युवा मेळावा. प्रमुख वक्त्या : रुईताई. विषय : 'मी हे कसं ठरवलं'.

रुईनं आठवडाभर बसून चार पानं खोटं लिहिलं. फार सुंदर लिहिलं होतं. पण ती बोलायला उभी राहिली आणि माइक किंचाळला. रुई उडाली, कागद उडाले, आणि तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

"मी काहीच ठरवलं नव्हतं. साळींदरकाका शिंकले, मी घाबरून पळाले आणि चुकून ओळीत उभी राहिले. एवढंच."

रुईनं डोळे मिटले. गेली नोकरी.

पण तिच्यापेक्षा जास्त घाबरले कोल्हेसाहेब. निवड त्यांची होती ना! ते टाळ्या वाजवतच उठले. "बघा, बघा! नेमकी शिंक ओळखणं! नेमक्या दिशेला पळणं! याला म्हणतात दूरदृष्टी!"

"माझे डोळे मिटलेले होते, साहेब."

"अंतर्दृष्टी!" साहेब ओरडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत रुईची आई मुंगसीणबाईंना सांगत होती, "आम्ही तिला लहानपणापासून मुद्दामच दचकवायचो हो. अगदी ठरवून. रोज जेवताना."

दुसऱ्या दिवशी साळींदरकाकांच्या बिळावर पाटी लागली : 'शिंक मार्गदर्शन केंद्र'. दारात ही गर्दी. पिल्लं डोळे मिटून, एक पाय पुढे टाकून शिंकेची वाट बघत उभी. आईबाप मागे. काका मिरी हुंगून हुंगून शिंकत होते, पण एक पिल्लू दचकेल तर शपथ. शिंक येणार हे माहीत असल्यावर कोण दचकणार?

रुईला राहवेना. "काका, बंद करा हे. ती शिंक तुम्हाला चुकून आली होती."

काकांनी तिला बाजूला घेतलं. "कुणाला बोलू नकोस, पोरी. मी त्या दिवशी शिंकलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"तुझी पेंडी सुटत होती. म्हणून 'पेंडी, पेंडी' असं ओरडलो. तोंडात कच्चं सुरण होतं गं. घसा खवखवत होता, म्हणून तुला तसं ऐकू आलं. पण आता पाटी रंगवून झालीय."

म्हणजे शिंकसुद्धा नव्हती! रुई आयुष्यात दचकली नव्हती एवढी दचकली. तिनं डोळे मिटले आणि पळत सुटली.

थांबली तेव्हा समोर एक भलीमोठी काळी पाठ होती.

"अरे देवा," अस्वलराव वळून म्हणाले. "ताई, तुम्ही? अहो, ही ओळ राजकवीच्या पदाची आहे. वर्षभर यमकं पाठ करतोय मी. तुम्हाला कविता येते का?"

"नाही हो," रुई धापा टाकत म्हणाली. "मी नुसतीच..."

"कोण म्हणालं 'नाही'?" पुढून कोल्हेसाहेबांचा आवाज आला. "सकाळपासून चाळीस कवी ऐकलेत मी! या, या, पुढे या!"

अस्वलरावांनी वाट करून दिली.

"जा, ताई," ते म्हणाले. "पुढच्या वेळी तुमच्या मागे मी उभा राहतो."

तात्पर्य : आयुष्याची योजना नेहमी मागाहून आखावी, म्हणजे ती चुकत नाही. स्वतःला जमत नसेल तर आईला सांगावं. ती आखून देते.