आप्पा जाऊन पाहून येतात

पर्वत पाटिया भागातल्या पुलाला तडा गेलाय, कोणत्याही क्षणी कोसळेल, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा सगळ्यांनी तो ताबडतोब पुढे पाठवला. नथ्थूआप्पा तेवढे त्या पुलाखाली जाऊन उभे राहिले.

चांगले अर्धा तास उभे होते. मान वर करून. मग ग्रुपवर त्यांचा आवाज आला: "मी पुलाखाले उभा शे. पूल जागावर शे. एक कबूतर शे, ते बी जागावर शे. ज्यानी मेसेज टाका, त्यानी देखं का?"

'देखं का' म्हणजे पाहिलं का. आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. चाळीस वर्षं सुरतेत लूम चालवून त्यांची गुजराती चांगली झाली, हिंदी कामापुरती आहे, आमच्याशी ते बऱ्यापैकी पुस्तकी मराठी बोलतात. पण संशय आला की थेट अहिराणीवर येतात. आणि संशय त्यांना रोज येतो.

हे मी कौतुकानं सांगतेय असा गैरसमज नको. पुलापर्यंत त्यांना स्कूटरवरून नेणारी मी होते. आमची दारं समोरासमोर आहेत, स्कूटर माझ्याकडे आहे, आणि नाही म्हणायला मला जमत नाही. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. नवरा पलसाण्याला कापडाच्या डाइंग मिलमध्ये, त्याला रविवारचीही सुट्टी कधीकधी मिळत नाही. मला मिळते. ती आप्पा खातात. भाजी निवडायला बसावं की दार वाजतं.

"बाई, मोकळी शेस ना? चाल, देखी लिऊत."

एकदा त्यांच्या फोनवर बँकेचा म्हणून मेसेज आला: आज संध्याकाळी तुमचं खातं बंद होईल, खालच्या लिंकवर माहिती भरा. कोणीही शहाणा माणूस असा मेसेज पुसून टाकतो. आप्पांनी तो फोन पुढे धरून बँकेत नेला आणि मॅनेजरला केबिनबाहेर बोलावून विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय? स्वतः?" मॅनेजर नाही म्हणाला. "मग तसं लिहून द्या." त्या गृहस्थानं शेवटी कोऱ्या कागदावर 'हा मेसेज आमचा नाही' असं लिहून सही केली. रांगेतल्या चार म्हाताऱ्यांनी लगेच आपापले फोन पुढे केले. मी बाहेर उन्हात स्कूटरवर बसून घामाघूम.

हेही मी सहन केलं असतं. पण एकदा ते माझ्याच कामात शिरले. वरून आदेश आला होता की मुलांनी धड्यांचे व्हिडिओ घरी मोबाइलवर पाहायचे आणि किती जणांनी पाहिले ते आम्ही ॲपमध्ये भरायचं. मी भरलं. बत्तीसपैकी बत्तीस. सगळेच तसं भरतात. आप्पांना हे मी चहा पिता पिता सांगितलं, ही माझी चूक. दोन दिवस ते गल्लीगल्लीतून हिंडले आणि वहीच्या पानावर यादी घेऊन आले.

"बाई, नऊ जणांनी पाहिलंय. त्या पूनमच्या घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामाला जातो. मग तिनं धडा कशावर पाहिला?"

मी त्यांच्यावर खूप चिडले. तुम्हाला काय करायचंय, म्हणाले. ते शांतपणे यादी टेबलावर ठेवून गेले. ती खरी होती, म्हणून मी आणखीच चिडले.

सोसायटीच्या ग्रुपवरून त्यांना तीनदा काढलं गेलं. तिन्ही वेळा परत घेतलं, कारण पाणी खरंच येणार नाही की नुसतीच बोंब आहे, हे टाकीवर चढून सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता सुरतेतल्याच कतारगामची गोष्ट सांगते. त्या दिवसापर्यंत मी आप्पांना एक कटकट्या म्हातारा समजत होते.

तेव्हा मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सगळीकडे फिरत होते. त्या सकाळी एक फोटो आला: एक वयस्कर बाई, डोक्यावर पदर, हातात मोठी पिशवी. खाली लिहिलेलं: 'ही बाई कतारगाममध्ये फिरतेय. पिशवीत मुलांना बेशुद्ध करायचं औषध. सावध राहा.' मी शिक्षिका. पस्तीस-चाळीस पालकांचा ग्रुप माझ्याकडे. मी तो फोटो त्या ग्रुपवर टाकला आणि वर स्वतःचं वाक्य जोडलं: 'पालकांनी काळजी घ्यावी.' मग पोळ्या लाटायला घेतल्या.

दार वाजलं. आप्पांच्या हातात फोन होता. कोणीतरी माझाच मेसेज त्यांना पुढे पाठवला होता.

"बाई, हे तू पाठवलंस?"

"हो. का?"

"देखं का?"

"आप्पा, मुलांचा प्रश्न आहे. अशा वेळी पाहत बसतात का?"

"अशाच वेळी. चाल."

मी गॅस बंद केला आणि लाटणं आदळलं. सगळा रस्ता मी पुढे पाहत बडबडत होते आणि आप्पा मागे बसून फोटोतल्या दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचत होते.

कतारगामच्या एका गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. साठ-सत्तर माणसं असतील. बहुतेकांचे फोन वर धरलेले. आत, बंद दुकानाच्या पायरीवर तीच फोटोतली बाई बसली होती. पदर खांद्यावर आलेला, कपाळावर ओरखडा. पिशवी कोणीतरी रस्त्यावर उलटी केली होती. त्यातून एक लुगडं, भाकरीचं फडकं आणि लाडवांचा डबा पडला होता. लाडू फुटून लोकांच्या पायाखाली गेले होते.

"लाडवात औषध आहे!" कोणीतरी ओरडलं.

आप्पा गर्दीतून वाट काढत गेले, खाली वाकले, एक फुटका लाडू उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. मग त्या बाईशेजारी पायरीवर बसले.

"ए काका, तू पण हिच्याच टोळीतला काय?" एक जण पुढे आला.

आप्पा बसूनच मोठ्यानं म्हणाले, "कोनो छोकरो खोवायो? किसका बच्चा गया? कोणाचं पोर गेलंय? ज्याचं गेलंय त्यानं पुढे या."

कोणी पुढे आलं नाही. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. आप्पांनी पुन्हा विचारलं. एक जण म्हणाला, पलीकडच्या गल्लीतलं गेलंय म्हणतात. "त्याचं नाव? बापाचं नाव?" ते कोणालाच माहीत नव्हतं.

गर्दी जरा सैल झाली असं वाटत असतानाच एकानं फोन उंच केला. "खोटं कसं असेल? हे बघा, शाळेच्या मॅडमनी स्वतः पाठवलंय. माझी पोरगी त्यांच्याच वर्गात आहे."

पूनमचे वडील होते ते. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला अजून पाहिलं नव्हतं. मी गर्दीच्या कडेला होते. मागच्या मागे निघून जाणं अगदी सोपं होतं, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर माझे पाय तसे वळलेही. मग त्या बाईनं पदर सारखा करायला हात वर केला. माझी आई अशीच पदर सारखा करायची.

मी पुढे गेले. "मी पाठवलंय ते," मी म्हणाले. "मी काहीही पाहिलेलं नाही. आलं तसं पुढे ढकललं. माझी चूक आहे."

पूनमच्या वडिलांनी फोन हळूच खाली घेतला. मी रस्त्यावर बसून लुगडं झटकलं, डबा उचलला. मागून दोन बायका आल्या आणि त्याही लाडू वेचायला लागल्या.

"कुठून आल्या वो, मावशी?" मी माझ्या माहेरच्या, जालन्याकडच्या बोलीत विचारलं.

"हिंगोलीकून आले, माय," ती म्हणाली. आपल्याकडची बोली ऐकून तिला रडू फुटलं. "लेक हितं बांधकामावर हाय. दोन महिने झाले, फोन लागंना. म्हनून म्या आले. लेकराएवढी पोरं दिसली की इचारत व्हते, माह्या सचिनला बघितलं का. म्या काय केलं वो?"

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. चौकीवर जबाब वगैरे झाल्यावर एका हवालदारानं दोन-तीन ठेकेदारांना फोन लावले आणि दुपारपर्यंत सचिन सापडला. त्याचा फोन चोरीला गेला होता, आणि आईचा नंबर पाठ नव्हता. हवालदारानं मावशींच्या कानाला फोन लावला. पलीकडून "आई" ऐकू आलं तरी त्यांचा विश्वास बसेना. आप्पा त्यांना म्हणाले, "बरोबर आहे. येऊ दे त्याला. मग बोला."

तो आला. केसांत सिमेंट. मावशींनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग पाठीत एक धपाटा घातला, मग गळ्यात पडल्या. मी आप्पांना काही सांगायला वळले तर ते बाहेर निघून गेले होते.

समोरच्या टपरीवर बसले होते. मी दोन चहा सांगितले. आम्ही या सोसायटीत राहायला आलो तेव्हा ते एकटेच होते. बायको कोरोनात गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"सुमन धुळ्याला दवाखान्यात होती," ते एकदम म्हणाले. "गाड्या बंद. भाच्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. हार घातलेला. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. पाठोपाठ सगळ्यांनी हात जोडले. मीही इथे डोक्यावरून पाणी घेतलं, दिवा लावला."

चहा आला. मी एक कप त्यांच्या हातात दिला.

"ती गेलीच नव्हती, बाई. शेजारच्या खाटेवरची बाई गेली होती. नाव सारखं. भाच्याला कोणीतरी सांगितलं, त्यानं टाकलं. त्याला मी काय म्हणू? तोही रडत होता. ती गेली दुसऱ्या दिवशी. म्हणजे एक आख्खा दिवस ती तिकडे होती, आणि मी इकडे तिच्या दिव्यात तेल घालत होतो."

त्यांनी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी दोनदा फोन वाजला. अनोळखी नंबर. वाटलं, कोणी समजूत घालायला करत असेल. नाही उचलला. पुढे नर्सनं सांगितलं, तुमच्या बाईंना बोलायचं होतं, म्हणून माझ्या फोनवरून लावला होता."

मी त्यांच्या कपाखालची बशी उगाच सरळ केली.

इतक्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत आप्पांनी तो उचलला, दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"बोला. मी आहे. बोला."

पलीकडे एक मुलगी होती. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. कमी व्याजाचं कर्ज हवंय का, म्हणून विचारत होती. आप्पांनी तिला एकदाही तोडलं नाही. तिचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग नको म्हणाले.