बाळाराम डिझायनरचा बायोडाटा

बाळाराम पेंटरनं आमच्या शिळफाट्यावरच्या पिठाच्या गिरणीची पाटी रंगवली, तेव्हा भल्यामोठ्या निळ्या फळीच्या एका कोपऱ्यात ‘दळण’ एवढंच लिहिलं. बाकी फळी मोकळी. गिरणीवाले शेठ कमरेवर हात ठेवून वर बघत राहिले.

“माझं नाव कुठंय रं?”

“तुमाला समदा फाटा वळखतो शेठ. नावाला कशाला जागा दवडायची? नजरेला टेकाया जागा पायजे.”

शेठनी दुसऱ्याकडून फळीभर नाव घालून घेतलं. त्यानंतर बाळाराम गिरणीच्या रस्त्यानं जाईना. बाजाराला जायचं तरी मागच्या बाजूनं वळसा घालायचा.

नजरेला टेकाया जागा, हे त्याचं पालुपद. लग्नाच्या पंगतीला बसला की आधी पत्रावळीतलं मीठ इकडे, लिंबू तिकडे करणार, भाताची मूद मधे सरकवणार, आणि वाढपी पुन्हा आला की दोन्ही हात आडवे धरणार. त्याला पेंटर म्हटलेलं खपायचं नाही. “पेंटर भिती रंगवतो. मी डिझायनर हाय,” म्हणायचा. हे तो टेंपोच्या मागच्या फळीवर कमळ काढता काढता सांगायचा, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नसे.

एवढ्या नजरेच्या माणसाला घरातला रिकामा डबा काही दिसायचा नाही. त्याची बायको सगुणा गरीब स्वभावाची, पण तिचीही एक दिवस हद्द झाली. “महिन्याच्या महिन्याला पगार हातात पडंल, तवा मला न्यायला या,” असं सांगून ती लोधिवलीला माहेरी निघून गेली. साऱ्या फाट्याला हे ठाऊक होतं. बाळाराम दोन पावांवर दिवस काढायला लागला आणि त्याचा सदरा अंगावर लोंबायला लागला.

मग साजगावच्या एका खोक्यांच्या कारखान्याच्या फाटकावर कागद लागला, ‘डिझायनर पाहिजे.’ त्याच दुपारी बाळाराम मागच्या जिन्यानं आमच्या वर्गात हजर. गिरणीच्या वरच्या खोलीत माझा मराठी टायपिंगचा वर्ग होता. एक सांगून ठेवते, मी टायपिंगच्या बाबतीत फार कडक. माझ्या हातून चुकीचा कागद बाहेर गेला तर मला जेवण जायचं नाही.

“बाई, बायोडाटा छापायचा हाय. पन डिझायनरचा वाटला पायजे.”

“मशीन आहे बाबा हे, कुंचला नाही. सांग, शिक्षण?”

“सातवी. ते बारीक लिवा.”

“सगळी अक्षरं एकाच मापाची येतात. अनुभव?”

“ट्रक, टेंपो, पाट्या, गणपतीची मखरं.”

“छंद?”

त्यानं जरा विचार केला. “बघणं.”

“बघणं हा काय छंद झाला?”

“लोकं बघत नायत बाई,” तो म्हणाला. मी निमूटपणे ‘बघणे’ छापलं.

मला वाटलं, सुटले. कसलं काय. त्याला कागदाला चारी बाजूंनी काठ हवा होता. मशीनवर काय काय चिन्हं आहेत ती त्यानं मला एकेक छापून दाखवायला लावली आणि हनुवटीला हात लावून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, एक कंस, मधे टिंब, मग समोरासमोर दुसरा कंस. दोन पानं आणि मधे कळी. झालं फूल. अशी फुलं ओळीनं. वरचा काठ सरळ निघाला. बाजूच्या काठासाठी कागद काढून आडवा घालायचा, पुन्हा नेम धरायचा. जरा हललं की नवा कागद. माझ्या पोरी शिकायचं सोडून भोवती गोळा झाल्या.

आणि मग त्यानं खरा घोळ घातला. उजव्या कोपऱ्याजवळच्या एका फुलाचे कंस त्याला उलटे हवे होते, पाठीला पाठ लावून.

“अरे, ती चूक दिसेल.”

“दिसू दे.”

“माझ्या नावावर जाईल ती.”

“समदं सारखं असलं की नजर घसरते बाई. कुठंतरी टेकली पायजे.”

मी हट्टानं सुलटं फूल छापलं. त्यानं कागद परत केला. मी पुन्हा सुलटं छापलं, त्यानं पुन्हा परत केला, अगदी नम्रपणे. शेवटी चरफडत उलटं छापलं. वर त्याला तसलाच आणखी एक कागद हवा होता. कार्बनचा चालेना, अस्सल पाहिजे.

“कारखान्याला मालक किती आहेत रे?”

“हाय दुसरा येक मालक,” म्हणाला आणि खाली बघायला लागला.

नोकरी मिळाली नाही. चार दिवसांनी जिन्यावर भेटला तेव्हा धुतलेला सदरा आणि उतरलेलं तोंड. “साहेबानं लई येळ बघितलं. बोलला, येक फूल चुकलंय. मी बोललो, चुकलं नाय साहेब, ठेवलंय. मग त्यानं इचारलं, डिप्लोमा हाय का.” एवढं सांगून तो हसला. मला फार वाईट वाटलं. त्या फुलाचा रागही आला.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी एक बाई गाठोडं घेऊन जिना चढून आली. सगुणा होती. तिच्या हातात दुसरा कागद होता.

“बाई, ह्यो तुमीच छापला ना? ह्ये लोधिवलीला आलं, ओटीवर ठेवला आन पानी न पिता गेलं.”

“मीच छापला. ते एक फूल उलटं राहिलंय, मी त्याला सांगत होते...”

“मला वाचता येत नाय,” ती म्हणाली. “पन काठ वळखला.”

तिनं अंगावरच्या जुन्या लुगड्याचा पदर माझ्या टेबलावर पसरला. दोन पानं, मधे कळी. दोन पानं, मधे कळी. आणि टोकाशी, उजवीकडे, विणकराच्या हातून चुकलेलं एक फूल. पानं पाठीला पाठ लावून.

“लग्नातलं हाय. ह्ये फूल बघून बाया हसल्या. सासू दुकानात परत धाडत होती. तर ह्ये मधी पडलं. बोललं, राहू दे. ह्या फुलावरनं मी तुला लांबूनबी वळखीन.”

“आणि पगाराचं?” मी विचारलं.

“मिळंल तवा मिळंल. येवढं कोन बघतं बाई आपल्याकडं?” तिनं डोळे पुसले. “कुठं हायती?”

मी खिडकीतून बोट दाखवलं. हमरस्त्यापलीकडे बाळाराम स्टुलावर उभा राहून एका टेंपोच्या मागे ‘हॉर्न’ लिहीत होता. सगुणा खाली उतरली. एसटीतून उतरलेल्या बायांच्या घोळक्यातून, डोक्यावर पदर ओढून, मान खाली घालून रस्ता ओलांडायला लागली. चेहरा काही दिसत नव्हता.

बाळारामनं सहज मागे वळून बघितलं. मग कुंचला टेंपोवर ठेवला, स्टुलावरून उतरला आणि भर रस्त्यात जाऊन तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. टेंपोवाला मागून हाका मारत होता. त्याचं ‘हॉर्न’ त्या दिवशी अर्धंच राहिलं.