बारमाही की पाळीची: मंजुळाबाईच्या चाकरीची हकीकत

श्री. जो वाऱ्यास वाट देतो आणि खिळ्यास जागा देतो त्या परमेश्वरास दंडवत घालोन हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, आणि लिहिले तरी नकाशावर सापडणार नाही. राज्यास दर्या नव्हता, डोंगर बहुत होते, म्हणोन सरकारांनी हत्तीघोड्यांचा खटाटोप सोडोन गगनसेना बाळगिली, आणि विमाने जरी जुनी तरी धुऊन पुसून ऐसी ठेविली की नवरीने त्यात तोंड पाहोन कुंकू लावावे. या गगनसेनेत चाकरी दो प्रकारची. एक बारमाही, म्हणजे किल्ल्यातच राहावे, सरकार धाडील त्या ठाण्यास जावे आणि वर्षातून दो वेळा घर पाहावे. दुसरी पाळीची, म्हणजे महिन्यातून एक शनिवार-रविवार किल्ल्यावर हजर व्हावे, वर्षातून एक पंधरवडा सलग राबावे, युद्ध अगर महापूर जाहला तर बोलावताक्षणी यावे, आणि एरवी आपापला धंदा करोन सुखे नांदावे. पाळीच्या लोकांत शिंपी होते, शाळामास्तर होते, एक तर लग्नात केटरिंग करणारा होता, आणि बारमाही लोक या सर्वांस मिळोन ‘पाहुणे’ म्हणत. नियम ऐसा की किल्ल्यात राहोन चार वर्षे उमेदवारी भरली म्हणजे ज्याने त्याने एक चाकरी निवडावी, कागदावर सही करावी, मग सहा वर्षे त्यात फेर नाही.

त्या किल्ल्यात मंजुळाबाई शेडगे नामे विमानांची कारागीर होती. वय एकतीस, हात चलाख, बोलणे थोडे. इंजिनाचा आवाज ऐकोन दुखणे सांगत असे, आणि विमान सुटते समयी पायाखालची जमीन थरथरली म्हणजे तिचे काळीज भरोन येई, हे तिने कोणास सांगितले नव्हते. घर चार तासांचे वाटेवर आंबेखोरे गावी. नवरा विश्राम आंब्याची कलमे बांधी, घरी सासूबाई, आणि पाच वर्षांची कन्या सुगी. चैत्रात बाई चार महिन्यांनी घरी गेली तेव्हा सुगीने कोपऱ्यातला पाट आणोन मांडिला, तांब्याभर पाणी आणिले, गुळाचा खडा वाटीत ठेविला, आणि मग दाराआड उभी राहोन आजीस हळूच विचारिले, “आजी, या पाहुण्या कधी जाणार?” हे मंजुळाबाईने ऐकिले. गूळ खाल्ला, पाणी प्याली, “शहाणी गं माझी,” म्हणाली, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

उमेदवारी त्याच वैशाखात भरणार होती, म्हणोन घरात मसलत जाहली. सासूबाई बोलिल्या, “तिकडं एवढालं लोखंड आभाळात चढवतेस, आणि इथं विहिरीतलं पाणी टाकीत चढत नाही. गावचे सहा पंप बंद पडलेत. मी आपलं नुसतं सांगितलं हो, मला कोण विचारतंय.” विश्रामास पुसिले तर त्याने कलमाची सुतळी दातात धरोन उत्तर केले, “मी ‘ये’ म्हटलं तर पुढं म्हणशील, यांनी अडवलं. ‘जा’ म्हटलं तर म्हणशील, यांनी ढकललं. तूच ठरव बाई. मी कशालाही तयार आहे, पण तू रडत ठरवू नकोस.” मंजुळाबाईचे मन घराकडे ओढत होते. परंतु मनात एक भय बसले होते, आणि ते भय खोटे नव्हते. महिन्यात दोनच दिवस पाना धरील तो हात विसरेल, मग एके दिवशी बोल्टावरची एक चक्री अर्धा फेर ढिली राहील, आणि वरती गेलेले चार जीव खाली येतील ते जिवंत येणार नाहीत. कन्या रुसली तर समजूत घालिता येते, पडलेल्या विमानाची समजूत कोण घालणार? ऐसा विचार करोन तिने बारमाहीचा कागद भरोन ठेविला, फक्त सही राहिली. कागद द्यावयाची मुदत वैशाख शुद्ध एकादशी, रविवार, सूर्यास्तापर्यंत.

आता किल्ल्यातला एक रिवाज सांगणे जरूर, नाहीतर पुढील मजकूर कळणार नाही. हत्यारे ठेवावयास एक थोर पांढरा फळा होता आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढिली होती. पाना उचलिला की त्याची काळी सावली उघडी पडे, आणि उचलणाराने तेथे आपला पितळी बिल्ला अडकवावा. काम संपले की पाना सावलीवर, बिल्ला खिशात. एक जरी सावली उघडी राहिली तरी कोणतेही विमान हलू नये, मग खुद्द सरकार आत बसले असोत. कारण हरवलेला पाना इंजिनात असेल तर तो इंजिन खातो. आणि रिवाज ऐसा की ज्याचा पाना हरवला त्याने आपण होऊन सांगितले तर शिक्षा नाही, आणि लपविले तर त्याच दिवशी किल्ल्याबाहेर.

एकादशीचे दिवशी सकाळपासोन सर्व किल्ला उपाशी, आणि उपाशी म्हणोन चिडका. डोंगरापलीकडील ठाण्यात शिपायांस ताप आला होता, त्यांस औषधे घेऊन एक विमान दोन प्रहरी सुटावयाचे होते, कारण तिसऱ्या प्रहरानंतर खिंडीत ढग बसतात आणि वाट दिसत नाही. मंजुळाबाईने तीन विमाने तपासिली. शेवटच्या विमानापाशी होती आणि इंजिनावरची जाड कापडी खोळ नुकतीच उतरविली होती, इतक्यात कारकुनाचा शिपाई आला आणि ओरडला, “मंजुळाबाई, कागद आणताय ना? साहेब विचारतायत, बारमाही की पाहुण्या?” आणि हसला. बाईने तशीच चक्री आवळिली. काम पुरे करोन फळ्यापाशी आली, आणि पाहते तो अकरा नंबरी पान्याची सावली उघडी, वरती तिचाच बिल्ला, आणि हातात पाना नाही, खिशात नाही, कमरेस नाही. मग तिने मनात सावकाश दहा अंक मोजिले आणि मोठ्याने म्हणाली, “माझा अकरा नंबरचा पाना हरवला आहे. विमाने थांबवा.”

मग जे जाहले ते काय सांगावे. वैमानिक खाली उतरले, औषधांची खोकी सावलीत आणिली, किल्लेदार रायाजीराव धावत आले आणि बाईवर रागवावे की तिने सांगितले म्हणोन बरे म्हणावे हे न कळोन मिशीच चावीत राहिले. वस्ताद सोनबा, जे चाळीस वर्षे बारमाही आणि सर्व कारागिरांचे गुरू, त्यांनी एकेक इंजिन उघडविले, आरसे घालोन कोपरे पाहविले, चाकांच्या खोबणीत हात घातले, आणि सर्वांचे खिसे उलटे करविले. मास्तरांच्या खिशात खडू निघाला, केटरिंगवाल्याच्या खिशात वेलदोडे निघाले, पाना निघाला नाही. सोनबा कडाडले, “पाहुणे बाजूला व्हा! ज्यांचे हात महिन्यात दोन दिवस चालतात त्यांनी मधेमधे येऊ नये. मंजुळा, तू आठव. शेवटचा कुठं ठेवलास?” बाई म्हणाली, “वस्ताद, तेवढंच आठवत नाही. हातात होता आणि मग नव्हता.” ऊन कलू लागले. खिंडीवर पहिला ढग दिसला.

तेव्हा गेनबा नामे पाळीचा मनुष्य, जो एरवी बाजारपेठेत शिंपी, तो पुढे आला आणि म्हणाला, “वस्ताद, खोळी पाहिल्या का?” सोनबा बोलिले, “खोळी कापडखात्याच्या. त्यांनी मोजल्या, वळकट्या केल्या, लाखेची मोहर मारली. लोखंडखात्याचा माणूस कापडखात्याची मोहर तोडू शकत नाही, त्याला त्यांचा अंमलदार लागतो, आणि तो एकादशीचा देवळात आहे.” गेनबा म्हणाला, “तोडायची कशाला? मी गिऱ्हाइकाला सदरा देण्याआधी शिवण न शिवण बोटांनी दाबून बघतो. एक टाचणी राहिली तर पाटील पंचवीस माणसांत ओरडतो. एकदा ओरडला होता, म्हणून सांगतो.” आणि उत्तराची वाट न पाहता वळकट्यांपाशी मांडी घालोन बसला आणि डोळे मिटोन एकेक वळकटी ऐसी चाचपू लागला की जणू तापलेल्या लेकराचे अंग पाहतो. पहिली जाहली, दुसरी जाहली, तिसरी जाहली. चौथीवर त्याची बोटे थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली. म्हणाला, “हा बघा. घडीच्या पोटात. लांबट आहे, एका टोकाला दोन शिंगं.” किल्लेदारांनी मग अंमलदारास शोधावयाचे सोडोन आपल्या हाताने मोहर तोडिली आणि म्हणाले, “कापडखात्याचे जे काय म्हणणे असेल ते माझ्या नावे येऊ दे.” वळकटी उलगडली आणि अकरा नंबरी पाना खळ्ळकन फरशीवर पडिला. त्या आवाजाइतके गोड वाद्य त्या किल्ल्यात पूर्वी वाजले नव्हते. केटरिंगवाला तर गेनबास उचलोन नाचू लागला. घटकाभरात औषधांचे विमान सुटले, ढग एकत्र होण्याआधी खिंडीपार जाहले, आणि थोड्या वेळाने ठाण्यावरोन निरोप आला की औषधे पोहोचली, वैमानिकास जेवू घातले, एकादशी आहे हे ध्यानी राहिले नाही, माफी असावी.

सर्व हसले, परंतु मंजुळाबाई फळ्यापाशी बसोन राहिली. सोनबा दोन पेले चहा घेऊन आले, शेजारी बसले, आणि त्यांनी एक पेला तिच्या हाती दिला. मग बाई म्हणाली, “वस्ताद, माझा हात तर बारमाही होता. चार वर्षं रोज चालणारा. तोच विसरला. आणि पाना सापडला कोणाला, तर दोन दिवसांच्या हाताला.” सोनबा बोलिले, “तुझा हात नाही विसरला, पोरी. हातानं खोळ नीट काढली, चक्री नीट आवळली, मी तपासलं. डोकं इथं नव्हतं तुझं. त्या शिपायानं हाक मारली आणि तू घरी गेलीस, पाना खोळीत ठेवून.” बाईने पेला खाली ठेविला. सोनबा पुढे म्हणाले, “अर्धं डोकं घेऊन तीस दिवस राबणारा माणूस मला नको, त्याची मला भीती वाटते. अख्खं डोकं घेऊन दोन दिवस ये, मी तुझ्या हाताखालून गेलेल्या विमानात माझ्या नातवंडांना बसवीन. हात विसरतो का काय, ते मी पाहीन. दर पाळीला आधी माझ्यासमोर दहा चक्र्या आवळायच्या, मगच विमानाला हात. चुकलीस तर हाकलीन. लाजबीज धरणार नाही.” बाईने विचारिले, “आणि तुम्ही? तुम्ही चाळीस वर्षं कसं केलंत?” वस्तादांनी पेल्याच्या तळाशी पाहिले. म्हणाले, “केलं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं, म्हणून केलं. विमान एकही पडलं नाही. पण गेल्या दिवाळीला घरी गेलो तर बायकोनं विचारलं, चहात साखर किती घालू?”

हे ऐकोन मंजुळाबाई उठली आणि कारकुनाचे दालनी धावत गेली, कारण सूर्य डोंगरास टेकला होता. कारकून म्हणाला, “हा कागद बारमाहीचा भरलेला आहे. खाडाखोड चालत नाही.” बाई म्हणाली, “मग नवा द्या.” कारकून म्हणाला, “नवा कागद सोमवारी मिळतो.” इतक्यात मागोन सोनबा आले, दम लागलेला, आणि म्हणाले, “काय रे, आज सकाळी हिनं एका पान्यासाठी अख्खी गगनसेना थांबवली. तुझं कपाट उघडायला तिला किती वेळ लागेल असं वाटतं?” कारकुनाने कपाट उघडिले. बाईने पाळीच्या कागदावर नाव लिहिले, गाव लिहिले, धंदा या रकान्यात “पंपदुरुस्ती” ऐसे लिहिले, आणि सही केली तेव्हा सूर्याची कोर अजोन बाकी होती. कारकुनाने शाई टिपली आणि आपणही सुटलो ऐसा नि:श्वास टाकिला, कारण त्यासही घरी जाऊन साबुदाण्याची खिचडी खावयाची होती.

मग ज्येष्ठात मंजुळाबाई पेटी घेऊन आंबेखोऱ्यास आली. विश्रामाने पेटी उचलिली, सासूबाईंनी पंपांची यादी हाती दिली, चहादेखील नंतर. चार दिवस सुगी फार शहाण्यासारखी वागली. जेवताना “अजून वाढू का” म्हणे. पाचवे दिवशी सकाळी बाई तिची वेणी घालू लागली. सुगीने मान झटकली आणि किंचाळली, “ओढतेस! तू ओढतेस! आजीच छान घालते! तुला काही येत नाही!” आणि पाय आपटिले आणि तेलाची वाटी लाथेने उडाली, अर्धे तेल भिंतीस, अर्धे मंजुळाबाईच्या लुगड्यास. बाई म्हणाली, “सुगे, एक देईन हं!” सुगीने भोकाड पसरिले आणि रडावयास दुसरी जागा न सापडल्याने त्याच लुगड्यात तोंड खुपसोन मांडीवर पडली आणि रडता रडता एक चावाही घेतला. आतोन सासूबाई ओरडल्या, “आधी तेल पुसा गं, दोघी घसराल!” परंतु बाई उठली नाही. तशीच तेलात बसली आणि कन्येच्या अर्ध्या सुटलेल्या वेणीवरोन हात फिरवीत राहिली.

येणेप्रमाणे चाकरी ठरली. बाई दर पाळीस किल्ल्यावर जाते, वस्तादांसमोर दहा चक्र्या आवळते, आजवर चुकली नाही. गावचे पाच पंप चालू जाहले, सहावा हट्टी आहे. जे ऐकिले ते लिहिले, पदरचे घातले असेल ते थोडे आणि प्रेमाने घातले, वाचणारांनी सांभाळोन घ्यावे, ही अर्जी.