दगडूनाना निघाले

एका जंगलात, मुलांनो, कुणी कुणाकडे गेलं की जेवूनच उठायचं. ‘उभ्या उभ्या आलेय हं’ म्हणत शिरलेली हरिणी संध्याकाळच्या चहालाही तिथेच असायची. कुणालाच त्यात वावगं वाटत नसे.

मग शहरातून पोपटमास्तर परतले. बंगल्यातल्या पिंजऱ्यात दोन वर्षं काढल्यामुळे त्यांचं इंग्रजी अगदी फर्डं झालं होतं. त्यांनी लगेच वर्ग उघडला.

“सुधारलेले लोक कुणाकडे जाऊन बसत नाहीत,” मास्तर म्हणाले. “ते ड्रॉप इन करतात. पॉप इन करतात. स्टॉप बाय करतात. फार तर स्विंग बाय.”

“म्हणजे नक्की काय करतात?” रानडुकराने विचारलं.

“पाच मिनिटांत निघतात!”

झालं. जंगलभर नियम लागू झाला. सहाव्या मिनिटाला मास्तर फांदीवरून ‘गावठी! गावठी!’ असं ओरडत. मुलांनो, जंगलात वाघाचं भय परवडतं, पण हे नाही.

पंचाईत झाली ती दगडूनाना कासवाची. त्यांचा जिवलग दोस्त भिकोबा साळिंदर पाय मुरगळून बिळात एकटाच पडला होता. त्याचं बीळ ओढ्यापलीकडे, म्हणजे नानांच्या चालीने तीन दिवसांवर. तीन दिवस चालायचं आणि पाच मिनिटांत परतायचं? पण नानांना राहवेना. ते गेले.

भिकोबाला कोण आनंद झाला! त्याने कंदमुळं पुढे केली. नाना धापा टाकत टेकले, तोच वरून आवाज आला, “चार मिनिटं झाली!”

भिकोबाचे डोळे भरून आले. “नाना, तू निघ बाबा. माझ्यापायी तुझी शोभा नको.”

नानांना फार वाईट वाटलं. ते जड पायांनी उठले. “बरं, निघतो मग.”

“ये हं.”

मास्तर खूश झाले. निघालेल्याला कोण काय बोलणार?

दारात नाना थबकले. “अरे, पाय कसा मुरगळला ते विचारायचं राहिलंच!” भिकोबाने ते सांगितलं, पहिल्यापासून. मग नानांना पुतणीच्या लग्नातली भांडणं आठवली. कंदमुळं उभ्यानेच संपली. पुन्हा “निघतो”, पुन्हा “ये हं”. अंगणात भिकोबाला सासुरवाडी आठवली. मग तो लंगडत वाटेवरच्या चिंचेपर्यंत पोचवायला निघाला.

मास्तरांनी पिंजऱ्यातलं सगळं शिक्षण आठवून पाहिलं. निघायला किती वेळ घ्यावा, हे बंगल्यात कुणी बोललंच नव्हतं.

पाचव्या दिवशी दोघे चिंचेखाली पोचले. भिकोबाचा पाय तोवर बरा झाला होता.

“एवढा आलोच आहे,” तो म्हणाला, “तर तुझ्याकडे ड्रॉप इन करूनच जातो.”

तात्पर्य : वेळेची किंमत ओळखा. ज्याच्याकडे मनसोक्त राहायचं असेल, त्याच्याकडून पाच मिनिटांच्या आत निघायला लागा.